मांजरीला हगवण: दहीभात की उकडलेली कोंबडी?

दहीभात घरचाच, फुकटचा. पण मोठ्या मांजरीला दुधातली साखर नीट पचत नाही. दह्यात ती कमी असली तरी असतेच, म्हणून कधीकधी हगवण वाढते. भातावर तिचं पोषणही होत नाही.

कोंबडीच्या छातीचं मांस दिवसाला 100 ग्रॅम पुरतं. कातडी काढून नुसत्या पाण्यात शिजवा, बोटांनी धागे सुटे करा, दर 3-4 तासांनी दोन चमचे द्या. घरच्या रश्श्यातला तुकडा नको: कांदा-लसूण मांजरीला विषच. पॅरासिटामॉलही कधीच नाही, जीव जातो.

मोठी, खेळती मांजर असेल तर एक-दोन दिवस कोंबडीच. मांस नसेल त्या वेळेपुरता चमचाभर दहीभात. पिल्लू असेल, विष्ठेत रक्त दिसलं, उलट्या होत असतील, तर त्याच दिवशी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.