बर्फातली रहस्यकथा: केट शुगाक घ्यावी की रेबेका मार्टिनसन?

दोन्हीकडे बर्फ, लांबच लांब रात्री आणि शहर सोडून माघारी आलेली एक बाई. एवढ्या साम्यावरून कुठलीही उचलली तरी चालेल असं वाटतं, पण तसं नाही.

डॅना स्टॅबेनाव यांची केट शुगाक अलास्कातली, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी अल्यूट वंशाची. अँकरेजच्या सरकारी वकिलांकडे ती तपासाचं काम करायची. एका मुलाला वाचवताना गळ्यावर सुरा फिरला. आवाज कायमचा घोगरा झाला आणि तिने नोकरी सोडली. आता १६० एकरांत एकटी राहते, सोबतीला मट नावाची कुत्री, अर्धी हस्की, अर्धी लांडगी. १९९२ च्या 'अ कोल्ड डे फॉर मर्डर'मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा रेंजर बेपत्ता होतो आणि त्याला शोधायला गेलेलाही परतत नाही. ते उद्यान काल्पनिक, भांडण मात्र खरं. १९८० च्या कायद्याने अलास्कातली अफाट जमीन संरक्षित झाली. स्थानिकांना पोटापुरत्या शिकारीची मुभा राहिली, तरी रान नक्की कोणाचं, हा वाद मिटला नाही. केटची आजी एकातेरिना म्हणजे तर गावचं सरकारच! या आजी-नातीची जुंपते तेव्हा खून कोणी केला हे मी विसरूनच जाते.

तीच या मालिकेची उणी बाजूही आहे. रहस्य कधीकधी पातळ होतं. पण माणसं कामं कशी करतात हे वाचायला आवडत असेल, तर तिसऱ्या पुस्तकातली खेकड्यांची बोट आणि चौथ्यातली तेलक्षेत्रं चुकवू नका.

ओसा लार्सन यांची रेबेका स्वीडनमधली, स्टॉकहोममध्ये करांचे खटले पाहणारी वकील. लार्सन स्वतःही करविषयक वकील होत्या आणि वाढल्या किरुनात, आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेला, लोखंडाच्या खाणीच्या गावात. इथे गुन्हा रानातून येत नाही, प्रार्थनागृहातून येतो. २००३ च्या पहिल्या कादंबरीत एका लोकप्रिय तरुण धर्मप्रचारकाचा चर्चमध्येच खून होतो, आणि त्याच्या बहिणीसाठी रेबेकाला, जिथून ती दुखावून निघून गेली होती, त्याच गावी परतावं लागतं. निसर्ग आहेच, दुसऱ्या पुस्तकात एका लांडगीची वाट वेगळी चालत राहते, आणि ती पानं मला तपासापेक्षा सरस वाटली. हिंसा मात्र अंगावर येते. झोपण्याआधी वाचायचं असेल तर जपून.

केटची वीसहून जास्त पुस्तकं आहेत. सुरुवातीची थोडी मागेपुढे वाचलीत तरी बिघडत नाही. रेबेकाची सहाच, पण क्रमानेच वाचा, कारण पहिल्या पुस्तकाच्या शेवटाचे घाव ती पुढे वागवत राहते. वर्षभर मुक्काम ठोकायला केट; एका सुट्टीत हादरून जायचं असेल तर रेबेका.

विकत घेताना एक बघा: रेबेकाचं पहिलं पुस्तक इंग्रजीत 'सन स्टॉर्म' आणि 'द सॅव्हेज ऑल्टर' अशा दोन नावांनी मिळतं. दोन्ही एकच आहेत.