फेलूदा मुलांना द्यायचा, तर सुरुवात जटायूपासून करा

दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात फेलूदा, म्हणजे सत्यजित राय यांच्या बंगाली गुप्तहेराच्या गोष्टींचं पुस्तक, दिला आणि वीस पानांत त्याने तो बाजूला टाकला, असं अनेक घरांत होतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पहिलं म्हणून चुकीचं पुस्तक निवडलं गेलं. मालिकेचा पहिला भाग आधी वाचायचा, ही आपली सरळ सवय इथे आड येते.

सत्यजित राय यांनी फेलूदाची पहिली गोष्ट १९६५ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात लिहिली. हे मासिक त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये सुरू केलं होतं. मध्ये बंद पडलेलं ते १९६१ मध्ये राय यांनी पुन्हा चालू केलं. त्या पहिल्या गोष्टीत प्रदोष मित्र ऊर्फ फेलूदा सत्तावीस वर्षांचा आहे. गोष्ट सांगणारा त्याचा चुलतभाऊ तोपशे साडेतेरा वर्षांचा. दोघांची जोडी छान जमते, पण हसू मात्र फारसं येत नाही. ‘बादशाही आंगटी’ (लखनौ, औरंगजेबाची अंगठी) आणि ‘गँगटोके गंडगोल’ या सुरुवातीच्या कादंबऱ्यांची रहस्यं घट्ट विणलेली आहेत, पण त्यांचा सूर गंभीर आहे. रहस्यकथांची आधीच गोडी लागलेल्या मुलाला त्या आवडतील. नवख्या वाचकाला पानं जड जातात.

१९७१ च्या ‘सोनार केल्ला’मध्ये लालमोहन गांगुली येतात आणि सगळं बदलतं. टक्कल पडलेले, बुटके, भित्रे. पण ‘जटायू’ या टोपणनावाने धडाकेबाज रहस्यकादंबऱ्या लिहिणारे. त्यांचा नायक प्रखर रुद्र धिप्पाड आणि अजिंक्य. पुस्तकांची नावं ‘साहाराय शिहरण’, ‘दुर्धर्ष दुशमन’ अशी, अनुप्रासाने ठासून भरलेली. राय यांनी स्वतःच्या कथांनाही तशीच नावं दिली आहेत, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. त्यांना ही गंमत फार आवडते.

जटायू केवळ हसवायला आणलेलं पात्र नाही. ते चुकीची माहिती ठणकावून सांगतात, फेलूदा ती सुधारतो, आणि त्या बोलण्यातून भूगोल, प्राणी, इतिहास वाचकाच्या डोक्यात जातो. व्याख्यान ऐकल्यासारखं कुठेच वाटत नाही. उंट पाणी कुठे साठवतो, हा प्रसंग याचा उत्तम नमुना. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण जटायूंच्या फजितीवर हसत असताना त्याच परिच्छेदात धागा ठेवलेला असतो. दुसऱ्यांदा वाचताना मुलं ओरडतात, ‘अरे, हे इथेच लिहिलं होतं!’ विनोद आणि रहस्य एकाच वाक्यात बसवणं मुलांच्या रहस्यकथेतलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते इतकं सफाईने भारतात फार थोड्यांनी केलं आहे.

‘सोनार केल्ला’तला उंटावर बसण्याचा प्रसंगच बघा. उंट उठताना मागचे पाय आधी उभे करतो, म्हणून स्वार पुढे फेकला जातो. तेव्हा आधी मागे रेलायचं आणि पुढचे पाय उठले की पुढे वाकायचं. फेलूदा हे नीट समजावून देतो. सूचना अगदी अचूक आहे. जटायूंना ऐन वेळी ती पाळता येत नाही. वाचकाला काय होणार हे आधीच ठाऊक असतं, तरी हसू आवरत नाही, कारण नियम आपल्यालाही कळलेला असतो. मोठ्याने वाचून दाखवत असाल तर इथे थांबून मुलाला खुर्चीवर बसवून दोन्ही झोके करायला लावा. त्यानंतर वाळवंटातला रात्रीचा प्रवास त्याच्या अंगात भिनतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. ‘सोनार केल्ला’वर राय यांनीच १९७४ मध्ये चित्रपट केला. तो सुरेखच आहे, पण त्यात खलनायक कोण हे लवकर उघड होतं. पुस्तकात ते शेवटपर्यंत लपवलेलं आहे. म्हणून आधी पुस्तक, मग चित्रपट. उलट क्रम झाला तर पुस्तकातलं निम्मं कोडं गेलंच.

पुढचा क्रम असा ठेवावा. ‘सोनार केल्ला’नंतर ‘बाक्स रहस्य’: रेल्वेत बदलली गेलेली बॅग, सिमल्यातला बर्फ आणि जटायूंचं बूमरँग. मग मराठी मुलांसाठी हक्काची ‘कैलाशे केलेंकारी’. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं मस्तक चोरीला जातं आणि त्याचा माग थेट वेरूळला येतो. कैलास लेणं, म्हणजे सोळा क्रमांकाचं, ज्याने पाहिलं आहे त्याला पानापानावर ओळखीचे कोपरे भेटतात. वेरूळच्या सहलीआधी आठवडाभर हे पुस्तक दिलं तर गाइडची गरज कमी पडेल. शिल्पांची चोरी आणि परदेशी विक्री हा विषयही मुलांशी यानिमित्ताने बोलता येतो. ‘बोंबाइयेर बोंबेटे’ही आपल्याकडची: जटायूंच्या कादंबरीवर मुंबईत हिंदी सिनेमा निघतो, आणि शेवटची धमाल खंडाळ्याच्या बाजूला रेल्वेच्या चित्रीकरणात उडते. सिनेमा कसा बनतो हे राय यांना आतून माहीत होतं, त्यामुळे सेटवरचे तपशील पक्के आहेत.

‘जय बाबा फेलुनाथ’ मात्र ‘जतो कांड काठमांडुते’च्या आधीच वाचायची. दोन्हींत मगनलाल मेघराज हा खलनायक आहे आणि त्याची खरी दहशत पहिल्या भेटीत आहे. वाराणसीच्या घरात तो जटायूंना फळीसमोर उभं करतो आणि म्हाताऱ्या माणसाकडून त्यांच्या भोवती सुऱ्या फेकवतो. प्रसंग विनोदी पात्राचा, पण हातापायांना घाम फुटतो. हळव्या मुलासाठी हे पान आधी स्वतः वाचून ठेवा. काठमांडूच्या गोष्टीत जटायूंच्या चहात अमली पदार्थ घातला जातो. तो भाग हसत हसत निघून जातो, म्हणूनच त्यावर दोन वाक्यं बोलायला हवीत.

तक्रारीही आहेत. फेलूदा सतत चारमिनार सिगरेट ओढतो आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. त्या काळाचं हे चित्र आहे हे मुलांना सांगावं लागतं. मुली आणि बायका या कथांमध्ये जवळजवळ नाहीतच. ही उणीव मोठी आहे, आणि मुलीसाठी पुस्तक घेत असाल तर सोबत मुलगी नायिका असलेलं एखादं रहस्य जरूर घ्या. १९८० नंतरच्या बऱ्याच कथांत शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून लांबलचक उलगडा होतो, आधी पेरलेले धागे कमी असतात. त्या शेवटी ठेवा. काही कोडी मूळ बंगाली पद्यावर उभी आहेत (‘रॉयल बेंगॉल रहस्य’). अनुवादात त्यांची धार कमी होते. ‘समाद्दारेर चाबी’ला मात्र तसा फटका बसत नाही, आणि गाणं किंवा पेटी शिकणाऱ्या मुलाला ती आवर्जून द्यावी. तिच्यात जटायू नाहीत, पण लहान आहे, एका बैठकीत संपते.

आपल्या फास्टर फेणेशी तुलना होणारच. भा. रा. भागवतांचा बन्या स्वतः सायकलवर स्वार होऊन संकटात उडी घेतो; मुलाला त्याच्या जागी स्वतःला बघता येतं. तोपशे साक्षीदार आहे, त्याचं काम बघणं आणि लक्षात ठेवणं. धावपळ आवडणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आधी फेणे, आणि दहाव्या-अकराव्या वर्षी फेलूदा, हा क्रम चांगला जमतो.

फेलूदा वहीत ग्रीक अक्षरांत इंग्रजी लिहितो, म्हणजे कुणाला वाचता येऊ नये. चोवीस अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावा आणि मुलांना तशी चिठ्ठी लिहू द्या. मोडी शिकवणारं कुणी जवळ असेल तर त्याहून उत्तम; आपल्याकडे तर तयार गुप्तलिपी आहे.

मराठीत फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादात रोहन प्रकाशनाकडून आला आहे. मराठी नावं मूळ नावांपेक्षा वेगळी असू शकतात, त्यामुळे मलपृष्ठावर स्थळ बघून पुस्तक ओळखा: राजस्थान असेल तर ‘सोनार केल्ला’, वेरूळ असेल तर ‘कैलाशे केलेंकारी’. दुकानात लालमोहनबाबूंचं एखादं पान उघडा आणि त्यांचे संवाद ओठांवर घोळवून पाहा. परदेशात वाढणाऱ्या, मराठी वाचन अडखळणाऱ्या मुलांसाठी गोपा मजुमदार यांचा इंग्रजी अनुवाद पेंग्विनने दोन जाड खंडांत काढला आहे. पण त्यात कथा काळाच्या क्रमाने येतात, म्हणून अनुक्रमणिकेतल्या ‘सोनार केल्ला’वर खूण करूनच खंड मुलाच्या हातात द्या.