इंटरप्रेटएमएल : डॉक्टरांना वाचता येणारे मॉडेल

रुग्णाच्या जिवाविषयी अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेलला ‘हे कशावरून?’ असे विचारता आलेच पाहिजे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने 2019 मध्ये खुली केलेली ‘इंटरप्रेटएमएल’ ही मोफत पायथन लायब्ररी (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील तयार साधनसंच) मी वर्षभर वापरली ती याच आग्रहापोटी.

तिच्यातील ‘एक्सप्लेनेबल बूस्टिंग मशीन’ हे मॉडेल वय, रक्तदाब, युरिया अशा प्रत्येक घटकाचा स्वतंत्र आलेख काढते, आणि त्या आलेखांवरचे गुण व घटकांच्या काही निवडक जोड्यांचे गुण यांची बेरीज म्हणजेच रुग्णाची जोखीम असल्यामुळे सगळा हिशेब कागदावर ताडून पाहता येतो.

याचे मोल मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे संशोधक रिच कारुआना आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या अभ्यासात दिसते. न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी, असे याच घराण्यातील मॉडेल शिकले होते. खरे कारण असे, की दम्याच्या रुग्णांना थेट अतिदक्षता विभागात नेले जाई, म्हणून ते वाचत. कोणाला घरी पाठवायचे हे अशा मॉडेलवर सोपवले असते, तर अनर्थ झाला असता. आलेख समोर असल्याने चूक दिसली आणि ती दुरुस्त करणे शक्य झाले.

आमच्या विभागातील जुन्या नोंदींवर काम करताना अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाच्या आलेखात एकाच आकड्यावर खोल खाच दिसली. न केलेल्या चाचण्यांच्या जागी कोणीतरी सरासरी भरून ठेवली होती आणि ज्यांची चाचणीच झाली नाही ते रुग्ण बहुतेक स्थिर प्रकृतीचे होते, त्यामुळे तेवढ्याच आकड्यावर धोका एकदम घसरलेला दिसत होता. मॉडेलच्या अचूकतेचा आकडा तर उत्तम होता!

उणिवाही आहेत. आलेखाच्या उभ्या अक्षावर ‘लॉग ऑड्स’ (घटना घडण्याच्या आणि न घडण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम) असतात. ते टक्क्यांत मांडल्याखेरीज निवासी डॉक्टरांना समजत नाहीत. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे युरिया आणि क्रिएटिनिन हे घटक बरोबरीने वाढतात, म्हणून धोका दोघांत विभागला जातो आणि प्रत्येक आलेख वाजवीपेक्षा सौम्य भासतो. एक्स-रेसारख्या प्रतिमांसाठी ही पद्धत नाही.

तक्त्यांच्या स्वरूपात नोंदी असलेल्या विभागांना मी ही लायब्ररी नि:संकोच सुचवीन. मात्र आलेख आधी वॉर्डात दाखवावेत. ती खाच कशाची हे मला उमगले नव्हते. नोंदवह्या सांभाळणाऱ्या सिस्टरांनी पाहताक्षणी सांगितले.