पॉइंट टू-टू स्पोर्ट पिस्तूल, आठ महिन्यांनंतर: गोळी का अडकते, पुंगळी उभी का राहते

पिस्तूल .२२ लाँग रायफलचं, २५ मीटर स्पर्धेसाठी बनवलेलं. नळी स्थिर, बोल्ट (मागे-पुढे सरकणारा भाग) साधा ब्लोबॅक, म्हणजे गोळीच्या गॅसनेच मागे ढकलला जाणारा, मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, पाच गोळ्यांचं. आठ महिन्यांत साधारण ४,००० गोळ्या झाल्या. अचूकता आणि ट्रिगर यांबद्दल तक्रार नाही. पहिल्या ५०० गोळ्यांत मात्र दर दोन-तीन सिरीजमागे (सिरीज म्हणजे पाच गोळ्यांची फेरी) काही ना काही अडत होतं आणि आज ते जवळजवळ शून्यावर आलं आहे. बालेवाडीत किंवा कोल्हापुरात नवं पिस्तूल घेऊन सराव सुरू करणाऱ्यांना नेमकं हेच छळतं, म्हणून हा अनुभव बहुतांशी त्यावरच आहे.

आधी एक सवय. पिस्तूल अडलं की हात लगेच बोल्टकडे जातो. तो थांबवा. नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, आणि मग नीट पाहा: बोल्ट किती उघडा आहे, पुंगळी (सुटलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) कुठे आहे, पुढची गोळी कोणत्या कोनात आहे. बोल्ट एकदा खेचला की हा सगळा पुरावा जमिनीवर पडतो. ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही तर किमान ३० सेकंद तसंच धरून ठेवा, उशिरा पेटण्याची शक्यता असते. आवाज दबका आला तर पुढची गोळी मारूच नका. पिस्तूल रिकामं करून नळीत शिसं अडकलेलं नाही ना, हे आधी तपासा.

पुंगळी खिडकीत, म्हणजे ती बाहेर पडायच्या फटीत, उभी राहणे. सुरुवातीला सर्वांत जास्त हेच झालं. याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की बोल्ट पुरता मागे गेला नाही. ब्लोबॅकमध्ये बोल्टला मागे ढकलणारी ताकद गोळीतूनच येते आणि .२२ मध्ये ती मुळातच बेताची. नव्या पिस्तुलात स्प्रिंग कडक असते, बोल्ट ज्यांवर सरकतो त्या रेल घासून गुळगुळीत झालेल्या नसतात, वर कारखान्यातलं गंजरोधक घट्ट तेल. त्यामुळे पहिलं काम सफाईचं: बोल्ट आणि रेल सॉल्व्हंटने कोरडे करून, प्रत्येक रेलवर पातळ गन ऑइलचा एकच थेंब. या एकाच कामाने अडचण निम्म्याहून कमी झाली. जास्त तेल घालू नका. ते जळलेली पावडर आणि काडतुसावरचं मेण धरून ठेवतं आणि दोनशे गोळ्यांत त्याचा चिखल होतो.

मग एका गोळीची चाचणी. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा, मारा. बोल्ट मागे अडकून उघडा राहिला तर ताकद पुरेशी आहे. दहा वेळा करा. दोन-तीनदा बोल्ट बंद झाला तर दुसऱ्या मॅगझिनवर तीच चाचणी घ्या, कारण मॅगझिनची स्प्रिंग मंद असली तरी बोल्ट उघडा राहत नाही. दोन्हींवर तेच झालं तर गोळी बदलून पाहा. या पिस्तुलाला खास पिस्तुलासाठी असलेल्या सौम्य गोळ्यांचा एक लॉट अजिबात चालला नाही, ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या साध्या स्टँडर्ड गोळ्या विनाअडथळा चालल्या. पण म्हणून हाय-व्हेलॉसिटी गोळ्यांकडे वळू नका. स्पोर्ट पिस्तुलाचा बोल्ट आणि त्याचा धक्का झेलणारा बफर त्यासाठी बनवलेले नसतात, पिस्तूल ठोकर खात खात झिजतं. आपल्याकडे आयात गोळ्या मनासारख्या निवडता येत नाहीत, जो लॉट येईल तो घ्यावा लागतो. त्यामुळे नवा लॉट आला की स्पर्धेआधी किमान ५० गोळ्या मारून बघणं आलंच.

मनगटही तपासा. पकड ढिली असेल तर अख्खं पिस्तूलच मागे जातं आणि बोल्टचा प्रवास कमी पडतो. दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हातात तेच पिस्तूल, त्याच गोळ्या सुरळीत चालल्या, तर दोष यंत्राचा नाही.

पुंगळी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं तिथे) राहणे. हे वेगळं दुखणं. इथे लोक एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे बोल्टवरच्या पुंगळी पकडणाऱ्या नखावर, आळ घेतात. पण .२२ ब्लोबॅकमध्ये पुंगळी मुख्यतः गॅसच्या दाबाने मागे येते. एक्स्ट्रॅक्टर तिला बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवतो, तिला बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा धक्का बसेपर्यंत. म्हणून पुंगळी चेंबरमध्ये चिकटत असेल तर आधी चेंबर पाहा. दोन कारणं सापडतात. पहिलं, मेण आणि कार्बनचं कडं. शिशाच्या गोळीवर बाहेरून मेण असतं, चेंबरच्या पुढच्या टोकाला ते साचून कडक होतं. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा, ब्राँझचा ब्रश मागच्या बाजूने, म्हणजे चेंबरकडून, फिरवा आणि चिंधीने पुसा. दर ३०० गोळ्यांनी एवढं केलं की पुरतं. पूर्ण नळी रोज घासण्याची गरज नाही.

दुसरं कारण गंभीर आहे: चेंबरच्या काठावर पिनचा (गोळी पेटवणाऱ्या खिळीचा) ठोका बसून उठलेली बारीक कड. .२२ रिमफायर आहे, पिन काडतुसाच्या काठावरच पडते. चेंबर रिकामं ठेवून खरी पिन सोडत ड्राय फायर (गोळीविना ट्रिगरचा सराव) केलं तर काही पिस्तुलांत ती थेट पोलादावर आदळते. उठलेल्या कडेमुळे गोळी आत जाताना अडते आणि पुंगळी बाहेर येताना. भिंगाने पाहिलं की दिसते, नखाला लागते. ड्राय फायरसाठी पिस्तुलातली वेगळी सोय वापरा, नसेल तर प्लास्टिकचं डमी काडतूस.

एक्स्ट्रॅक्टर तपासायचा तर बोल्ट बाहेर काढून रिकामी पुंगळी त्याच्या नखाखाली सरकवा. हलकं हलवल्यावरही ती तोंडाशी टिकली पाहिजे. पडली तर नखाखालचा मळ दातकोरणीने काढा, मग पुन्हा पाहा. तरीही पडली तरच नख किंवा त्याची छोटी स्प्रिंग बदलायचा विचार.

गोळी आत न जाणे. इथे संशयित एकच: मॅगझिन. .२२ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली रिम असते. वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिममागे गेली की दोन्ही एकमेकींत अडकतात आणि बोल्ट वरच्या गोळीला पुढे ढकलू शकत नाही. भरताना प्रत्येक वरची रिम खालचीच्या पुढे राहील हे पाहा. घाईने दाबून भरलेलं मॅगझिन दहा सेकंदांच्या सिरीजमध्ये दगा देणारच. सगळ्या मॅगझिनना रंगाने क्रमांक घाला आणि कोणत्या क्रमांकावर गोळी अडली ते वहीत लिहा. इथे तीनपैकी फक्त दोन नंबरचं मॅगझिन दोषी निघालं. त्याचा एक ओठ (वरच्या गोळीला धरणारी कड) किंचित बाहेर वाकला होता, त्यामुळे गोळीचं नाक वर उचललं जाऊन चेंबरच्या वरच्या कडेवर आदळत होतं. शिशावरचा चट्टा वरच्या बाजूला की खालच्या, यावरूनच ते कळलं. मॅगझिन बदलून घेतलं, प्रश्न संपला.

फीड रॅम्पला (गोळीला चेंबरकडे नेणाऱ्या उताराला) कानस लावण्याचा सल्ला रेंजवर हमखास मिळतो. ऐकू नका. काढलेलं पोलाद परत येत नाही, आणि शस्त्र अधिनियम १९५९ खाली शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. काम परवानाधारक आर्मररकडेच (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे) द्यावं. बोल्ट थोडा उघडा राहिला तर अंगठ्याने ढकलून बंद करणंही धोक्याचं. गोळी पुरती बसलेली नसताना पेटली तर रिम फाटून गॅस मागे येतो.

मिसफायर. न पेटलेल्या गोळीच्या रिमवरचा ठसा पाहा. ठसा खोल असूनही गोळी पेटली नसेल तर दोष गोळीचा, रिममध्ये मसाला सगळीकडे पोचलेला नसतो. ठसा पुसट असेल तर चेंबर मळलेलं, बोल्ट अर्धवट बंद, किंवा पिनची स्प्रिंग मंद. बहुतेक वेळा पहिलंच.

स्पर्धेत हे ज्ञान वेगळ्या तऱ्हेने वापरायचं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार पुंगळी बाहेर न पडणं किंवा गोळी अडकणं हा ग्राह्य बिघाड आहे. पण बोल्ट किंवा सेफ्टीला हात लावला की तोच अग्राह्य ठरतो. मॅगझिन नीट न बसणं, कमी गोळ्या भरणं हेही अग्राह्य. पिस्तूल टार्गेटकडे ठेवून मोकळा हात वर करा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत काहीही उघडू नका.

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळी, तेल आणि मॅगझिन एकाच दिवशी बदललं की पिस्तूल सुधारतं, पण कशामुळे ते कळत नाही, आणि दोन महिन्यांनी तेच दुखणं परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ४,००० गोळ्यांनंतर इथे बदललेले भाग दोनच: ते एक मॅगझिन, आणि ३,५०० च्या आसपास रिकॉइल स्प्रिंग, कारण पुंगळ्या आधीपेक्षा बऱ्याच लांब पडू लागल्या होत्या.