‘ब्रेड’ की ‘पॅनिस’?

इंग्रजीतले जर्मॅनिक (जर्मनच्या कुळातले, मूळचे) शब्द हटवून लॅटिन मुळाचे नवे घडवायचे, की १०६६त फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर शिरले तसे आपसूक येऊ द्यायचे? आपसूक आलेल्यांचं बरं असतं. मेंढवाड्यात ‘शीप’ राहिली, ताटात फ्रेंच ‘मटन’ आलं; दोन्ही टिकले. घडवायला बसलात तर ‘ब्रेड’ जाऊन लॅटिन ‘पॅनिस’ येईलही, पण ‘द’, ‘ऑफ’, ‘अँड’ या जर्मॅनिकच शब्दांचं काय करणार?

आणि गंमत बघा, लॅटिन ‘पॅनिस’ पोर्तुगीजांच्या तोंडून ‘पाव’ होऊन मुंबईत कधीचाच आलाय. सकाळी दादरच्या बेकरीत गरम लादी कागदात गुंडाळून घेताना लॅटिन कुणाला आठवतं? सावरकरांचा ‘महापौर’ मात्र घडवलेला असूनही रुळला, ‘मेयर’ (तोही मुळात लॅटिनच!) आता मराठी बातमीत खटकतो. तरी माझं मत पावालाच.