पेसमेकर : तारेचा की बिनतारेचा?

तारेचा की बिनतारेचा, हे डॉक्टरांनी तुमच्यावर सोडलं असेल तर आधी एवढं विचारून घ्या : हृदयाच्या एकाच कप्प्याला पेसिंग (विजेच्या हलक्या स्पंदनानं ठोका पाडणं) पुरेल का? माझं एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके) कायमचं आणि ठोके फार मंद, त्यामुळे खालचा उजवा कप्पा पुरेसा होता. वरच्या कप्प्यालाही पेसिंग लागणार असेल तर दोन लीडचा (तारांचा) जुना मार्ग मला अजूनही सरळ वाटतो.

थोरल्या दादाला तारेचा बसवलेला. हासळीखाली कातडीत खिसा करून पेसमेकरची डबी, शिरेतून हृदयात लीड. काम उत्तम करतो. काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तेही निभावतं. निभावला नाही तो फुगवटा. दादा अंगानं किरकोळ, आणि घुमटाचा (आरतीला वाजवायच्या मातीच्या वाद्याचा) पट्टा नेमका डबीवर येतो. चवथीला (गणेशचतुर्थीला) त्यानं पट्ट्याखाली टॉवेलची घडी ठेवून पाहिली, पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेऊन पाहिला. दुसऱ्या आरतीपर्यंत हात छातीकडे जायचाच. आता घुमट पुतण्याकडे आणि दादाकडे कांसाळें (झांजा). मीही घुमटच वाजवतो. माझा निर्णय तिथंच झाला.

मला मायक्रा नावाचा बिनतारेचा पेसमेकर बसवला. मोठ्या कॅप्सूलएवढा, वजन जेमतेम 2 ग्रॅम. अमेरिकेत त्याला 2016 साली मान्यता मिळाली. जांघेत भूल देऊन शीर हळूहळू रुंदावतात, कारण आत जाणारी नळी बाहेरून जवळपास 9 मिलिमीटर जाड असते. एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती हृदयात नेतात, डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडून जागा ठरवतात आणि पेसमेकर बाहेर ढकलतात. त्याचे चार लवचिक आकडे स्नायूत रुततात. मग पेसमेकरला जोडलेल्या दोऱ्यानं हलकेच ओढून निदान दोन आकडे धरलेत का ते बघतात आणि किती कमी व्होल्टेजवर ठोका पडतो ते मोजतात. माझी पहिली जागा डॉक्टरांना पटली नाही. पेसमेकर परत नळीत ओढून दुसरीकडे बसवला. मला छातीत थोडी धडधड जाणवली, एवढंच. मोजमाप मनासारखं आलं तेव्हाच दोरा कापला. नंतर पाय सरळ ठेवून पडून राहणं मात्र कंटाळवाणं.

बिनतारेच्याही उण्या बाजू आहेत. जांघेतून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित हृदयाला इजाही. बॅटरी अंदाजे 12 वर्षांची. ती संपली की जुना बहुधा आतच ठेवून शेजारी नवा बसवतात. म्हणून वय कमी असेल तर तारेचाच बरा असावा. खर्चही अनेक पटींनी जास्त. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर किंवा विम्यात किती बसतं, ते आधी लेखी घ्या.

पैशांची सोय असेल, साठी उलटली असेल आणि एक कप्पा पुरत असेल तर मी बिनतारेचाच सुचवीन. पाडेली (नारळ पाडणारे), रेंदेर (माडाची सूर काढणारे) आणि खांद्यावर पट्टा घेणाऱ्यांना तर आवर्जून. फक्त डॉक्टरांनी असे किती बसवलेत, हे विचारायला संकोचू नका.