सोनी ए७ थ्री, एक नाही दोन : नवराबायकोच्या फोटोग्राफीच्या धंद्यात वापरल्यावर

आधीच सांगते, हा कॅमेरा जुना आहे, २०१८ सालचा. नवीन काय आलंय ते बघायला आला असाल तर पुढे नाही वाचलंत तरी चालेल. पण जे आमच्यासारखे नवराबायको मिळून लग्नाचे आणि पोर्ट्रेटचे फोटो काढतात, हाताखाली असिस्टंट नाही, स्टुडिओ नाही, घरातलं एक टेबल म्हणजेच ऑफिस, आणि सध्या घरात "एक भारी बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) घ्यायची का दोन साध्या" असा वाद चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे हा वाद वर्षभर चालला. शेवटी दोन घेतल्या, दोन्ही ए७ थ्री, एक नवी आणि एक सेकंडहँड, आणि तेव्हापासून आमची निम्मी भांडणं मिटली. निम्मीच, बाकीची कॅमेऱ्याने मिटण्यातली नव्हती.

आधी नवऱ्याकडे एका कंपनीचा डीएसएलआर होता आणि माझ्याकडे दुसऱ्याच कंपनीचा, त्याहून जुना. म्हणजे बॅटऱ्या वेगळ्या, चार्जर वेगळे, लेन्स वेगळ्या, फ्लॅश वेगळे, बॅगेत सगळं दोनदा भरायचं आणि तरीही एकाचं दुसऱ्याला उपयोगी पडायचं नाही. ऐन मोक्याला माझी बॅटरी संपली की त्याच्या खिशात दोन भरलेल्या असूनही मी हात चोळत उभी. पण खरा वैताग रंगांचा होता. त्याच्या फोटोत नवरीचा चेहरा गुलाबी, माझ्या फोटोत तीच नवरी पिवळट, आणि अल्बममध्ये हे दोन फोटो समोरासमोरच्या पानांवर. मग रात्र रात्र बसून स्लायडर सरकवायचे, आणि ते करताना तो म्हणणार माझा रंग बरोबर, मी म्हणणार माझा, आणि नवरी दोन्हीत चुकीची दिसतेय हे सकाळी चहा घेताना लक्षात येणार.

दोन सारख्या बॉडी आल्यावर हे जवळजवळ संपलं. सेन्सर एकच, त्यामुळे एका फोटोवर केलेलं करेक्शन दुसऱ्याच्या फोटोवर तसंच पेस्ट केलं तरी चालतं, फक्त दोघांनी ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ते) सोडून केल्विनचा, म्हणजे प्रकाश किती पिवळा का निळा ते सांगणारा आकडा एकच ठेवायचा. हॉलमध्ये शिरलो की आमच्यातला एकजण आकडा बोलतो आणि दुसरा तोच लावतो, एवढंच. लेन्समुळे थोडा फरक पडतो, नाही असं नाही, पण तो दोन मिनिटांचा फरक आहे, दोन रात्रींचा नाही.

आता कॅमेऱ्याबद्दल. फुल फ्रेम (सेन्सर जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा), २४.२ मेगापिक्सेल, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) वीस इंच रुंद प्रिंट आरामात निघते. आजवर एकाही क्लायंटने अजून पिक्सेल हवेत असं म्हटलेलं नाही, ते म्हणतात फोटो कधी मिळणार. आणि तिथेच २४ मेगापिक्सेल फायद्याचे पडतात, कारण कंप्रेस्ड रॉ फाइल (सेन्सरवरची मूळ माहिती, थोडी दाबून ठेवलेली) साधारण २४ एमबीची होते. दोघांचे मिळून पाच हजार फ्रेम झाले तर १२० जीबी. त्याच्या दोन कॉप्या करायच्या, म्हणजे २४०. हे गणित दर महिन्याला किती लग्नं असतील त्याने गुणा आणि मग सांगा मेगापिक्सेल किती हवेत ते.

बॅटरी हा या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण, माझ्या मते फोकसपेक्षाही मोठा. एनपी-एफझेड१०० बॅटरी, कागदावर स्क्रीन वापरून ७१० आणि व्ह्यूफाइंडर वापरून ६१० फोटो लिहिलेत, प्रत्यक्षात आम्ही सलग फटाफट काढतो त्यामुळे एका बॅटरीत दीड हजाराच्या वर सहज जातात. दोघांत मिळून पाच बॅटऱ्या आहेत, पाचवीला क्वचित हात लागतो. ज्यांनी आधीचे मिररलेस (आत आरसा नसलेले, हाही तसाच) वापरलेत, जे दुपारपर्यंत मान टाकायचे, त्यांना याची किंमत कळेल.

फोकसचं म्हणाल तर ६९३ पॉइंट आहेत वगैरे ठीक आहे, महत्त्वाचा आहे तो डोळ्यावरचा फोकस. सुरुवातीला त्यासाठी एक बटण वेगळं दाबून धरायला लागायचं, २०१९ च्या एप्रिलमध्ये फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) ३.० आलं आणि मग नेहमीच्या फोकसमध्येच डोळा आपोआप पकडायला लागला. सेकंडहँड घेत असाल तर फर्मवेअर कुठलं आहे ते पहिलं बघा, आमच्या दुसऱ्या बॉडीत जुनंच होतं आणि मी आठवडाभर समजत होते की बॉडीच खराब मिळाली. ८५ एमएम एफ १.८ लेन्स लावून समोरून चालत येणाऱ्या माणसाचे दहा फोटो काढले तर आठ-नऊ डोळ्यावर शार्प येतात. अंधार फार असेल आणि माणूस पाठमोरा वळत असेल तर गडबडतो, तिथे मी सरळ एक पॉइंट धरून काढते.

आणि दोन कार्डांचे स्लॉट. यासाठी मी या कॅमेऱ्याला शंभर खून माफ करेन. एका लग्नात संध्याकाळी घरी येऊन माझं कार्ड लॅपटॉपला लावलं तर लॅपटॉप म्हणाला हे कार्ड फॉरमॅट करा. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. दुसरा रीडर आणला, तेच. पोटात गोळा आला अक्षरशः, कारण नवरीची आई गाडीच्या काचेवर हात ठेवून उभी आहे तो फोटो माझ्याकडेच होता, नवरा तेव्हा पलीकडच्या बाजूला होता. मग दुसऱ्या स्लॉटमधलं कार्ड काढलं आणि सगळे फोटो तिथे होते, एकूण एक. त्या दिवशी मी जेवले नाही आणि नवऱ्याने पहिल्यांदा एकही सल्ला न देता नुसता शेजारी बसून कॉपीचा हिरवा पट्टा पुढे सरकताना बघितला.

म्हणून दोन्ही स्लॉटमध्ये रॉ लिहा, एकात रॉ आणि दुसऱ्यात जेपेग असली काटकसर नको. फक्त एक लक्षात ठेवा, पहिलाच स्लॉट वेगवान यूएचएस-टू आहे, दुसरा यूएचएस-वन. दोन्हीत एकदम लिहायला लावलं की वेग हळू स्लॉटचा मिळतो. बफर (कार्डावर लिहून होईपर्यंत फोटो धरून ठेवणारी आतली मेमरी) ८९ कंप्रेस्ड रॉ चा आहे, सेकंदाला १० च्या वेगाने काढत राहिलात तर नऊ सेकंदांत भरतो आणि मग रिकामा व्हायला वेळ घेतो. सलग नऊ सेकंद बोट दाबून कोण धरतं, असं मला वाटायचं. आमचा नवरा धरतो. लग्नात एखादं लहान पोर नाचायला लागलं की याचं बोट उठतच नाही, आणि नंतर त्या एका पोराचे एकशे चाळीस फोटो निवडायला माझ्यापुढे येतात.

दोन सारख्या बॉडींचा एक तोटा मात्र कुणीच सांगितला नव्हता. दोन्ही कॅमेरे फाइलला नाव एकाच पद्धतीने देतात, डीएससी आणि पुढे पाच आकडे. एका रात्री, साडेबारा वाजले असतील, त्याने त्याचं कार्ड त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये कॉपी केलं आणि झोपायला गेला. मी त्याच फोल्डरमध्ये माझं टाकलं. कॉम्प्युटरने विचारलं, याच नावाच्या फाइल आहेत, बदलू का? मी झोपेत हो म्हटलं. सकाळी बघतो तर त्याचे ३४० फोटो गायब, त्यांच्या जागी माझे. कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून वाचलो, पण तो दीड तास माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा "हो कशाला म्हणालीस" एवढंच बोलला, त्यापेक्षा न बोललेला बरा होता. यावर उपाय कॅमेऱ्यातच होता. मेनूत फाइलच्या नावाची पहिली तीन अक्षरं बदलता येतात. आता त्याच्या फाइल वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात आणि माझ्या वेगळ्या, फोल्डरही दोन, आणि अल्बम क्लायंटच्या हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. दोन बॉडी आणल्या की डबा उघडून पहिलं काम हे करा, पट्टा लावायच्याही आधी.

दुसरं काम घड्याळाचं. माझं घड्याळ त्याच्यापेक्षा चार मिनिटं पुढे होतं आणि लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वेळेप्रमाणे लावल्यावर लोक आधी टाळ्या वाजवतायत आणि मग भाषण सुरू होतंय. लाइटरूममध्ये वेळ मागेपुढे करता येते एकदम सगळ्या फोटोंची, पण किती मागे ते कळायला हवं ना. म्हणून कामाला निघताना दोघंही एकाच मोबाइलवरच्या घड्याळाचा फोटो काढतो, सेकंदकाट्यासकट. पाहुण्यांना वाटतं हे काय येडे आहेत.

आता खटकणाऱ्या गोष्टी. मागची स्क्रीन ९.२ लाख डॉटची, उन्हात तर फोटो शार्प आहे का नाही हे नीट कळतच नाही. ती वर-खाली झुकते, बाजूला उघडत नाही, त्यामुळे कॅमेरा उभा धरून जमिनीलगत काढायचं तर जमिनीवर लोळायला लागतं, आणि लग्नात चांगले कपडे घालून मी लोळत नाही, ते काम नवऱ्याकडे. टचस्क्रीन फोकसला चालते, मेनूला नाही. मेनू तर भूलभुलैया आहे, पण एकदा बसून चार कस्टम बटणं आणि डायलवरच्या १ आणि २ मध्ये आपली सेटिंग भरून टाकली की परत फार जायला लागत नाही. दोन्ही बॉडीत सगळी बटणं एकसारखी ठेवा, अगदी त्याला कितीही वाटलं की त्याची पद्धत जास्त शास्त्रशुद्ध आहे, तरीही. घाईत एकमेकांचा कॅमेरा उचलला जातोच. ग्रिप आखूड आहे, करंगळी खाली लोंबकळते. त्याला त्रास होतो, माझा हात लहान, मला नाही.

सायलेंट शटरवर फार विसंबू नका. शांत क्षणाला आवाज नको म्हणून मी एकदा पूर्ण भाषण सायलेंटवर काढलं आणि एलईडी दिव्यांमुळे सगळ्या फोटोंवर आडवे पट्टे. चूक माझीच, दोन टेस्ट फोटो काढून स्क्रीनवर मोठे करून बघायला हवे होते. आणि कॅमेरा बंद केला तरी आतला सेन्सर उघडाच राहतो, म्हणून लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली धरायचं. आम्ही यावर सोपा तोडगा काढला, लेन्स बदलायचीच नाही. माझ्या बॉडीवर ३५ एमएम एफ १.८, त्याच्या बॉडीवर ८५. मी माणसांत घुसून काढते, तो लांबून. ३५ चं वजन २८० ग्रॅम, ८५ चं ३७१, बॉडी ६५०, म्हणजे दिवसभर खांद्यावर किलोच्या आसपासच. टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ बॅगेत असते, हॉल अडचणीचा निघाला तर. तिचा आणि ८५ चा फिल्टरचा व्यास एकच, ६७ एमएम, तेवढीच एका फिल्टरची बचत.

लेन्स अशा ठरवून घेतल्यामुळे अजून एक झालं, आमचं एकमेकांच्या फ्रेममध्ये यायचं कमी झालं. पूर्वी त्याच्या प्रत्येक तिसऱ्या फोटोत माझी पाठ असायची. आता मला माहीत असतं तो ८५ घेऊन साधारण किती लांब उभा असेल, मी गुडघ्यावर बसते आणि तो माझ्या डोक्यावरून काढतो. फोटो निवडतानाही मी त्याचे निवडते आणि तो माझे. स्वतःचा फोटो काढायला किती कष्ट पडले हे आठवत असतं त्यामुळे तो टाकवत नाही, दुसऱ्याचा बिनधास्त टाकता येतो.

पोर्ट्रेटच्या कामाला एकच बॉडी लागते, तिथे दुसरी नुसती बॅगेत राहते, पण फ्लॅशचा सिंक (फ्लॅशबरोबर चालणारा शटरचा सगळ्यात जास्त वेग) १/२५० सेकंद आहे आणि डोळ्याचा फोकस असल्यामुळे मी समोरच्याशी बोलत राहते, व्ह्यूफाइंडरमध्ये पॉइंट हलवत बसत नाही. लाजणाऱ्या लोकांना याचा फार फरक पडतो. त्या वेळी नवरा रिफ्लेक्टर धरतो आणि नको ते विनोद करतो. विनोद भिकार असतात पण लोक हसतात.

सेकंडहँड घेणार असाल तर शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालंय ते, विचारा. शटर दोन लाख फोटोंचं धरलंय, आणि काउंटचा आकडा मेनूत कुठेच दिसत नाही, नुकत्याच काढलेल्या फोटो फाइलच्या आतल्या माहितीतून काढायला लागतो, म्हणून विकणाऱ्याकडून ताजी मूळ फाइल मागून घ्या. लग्नात वापरलेली बॉडी असेल तर आकडा मोठाच असणार, दचकू नका, किंमत त्या हिशोबाने करा. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून बघा, हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) फ्लॅश लावून बघा.

आता घरात नवा वाद सुरू झालाय. त्याला ए७ फोर हवाय, २०२१ चा, ३३ मेगापिक्सेल, स्क्रीन बाजूला उघडते, दुसरा स्लॉटही यूएचएस-टू, आणि बॅटरी तीच लागते त्यामुळे जुन्या पाचही चालतील. मुद्दे सगळे खरे आहेत. फक्त कागदावर ए७ फोरमध्ये बॅटरी ५८० फोटोंची आहे, ७१० ची नाही, आणि त्याला एकच घ्यायचाय, स्वतःसाठी, "आधी एक वापरून बघू" म्हणतो. मी म्हटलं घ्यायचे तर दोन, नाहीतर एकही नाही. काल त्याने गुपचूप जुन्या दोन्ही बॉडींचे शटर काउंट काढले. माझा त्याच्यापेक्षा चाळीस हजारांनी कमी निघाला. ते एकशे चाळीस फोटोंचं पोर आठवतंय ना?